एकलहऱ्यापर्यंतची तुटक रेघ

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर एक नकाशा चिकटवलेला आहे. कागद पिवळा पडलाय, खालच्या कोपऱ्यावर फोडणीचे डाग आहेत आणि एका बाजूची चिकटपट्टी सुटून लोंबते आहे. नकाशावर गंगापूरपासून नाशिकरोडपर्यंत एक निळी रेघ आहे. रेघेवर गोल आहेत आणि प्रत्येक गोलाशेजारी स्टेशनाचं नाव आहे. नाशिकरोडच्या गोलाशी निळी रेघ संपते. तिथून पुढे पेन्सिलीची तुटक रेघ सुरू होते, ती एकलहऱ्यापर्यंत जाते. ती तुटक रेघ कुठल्याही सरकारी कागदावर नव्हती. ती मी माझ्या आईसाठी काढली होती.

दर दिवाळीच्या साफसफाईत बायको विचारते, "हे आता काढायचं का?" मी नको म्हणतो. का नको, ते तिला माहीत आहे आणि तरीही ती विचारते. मला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी ड्राफ्ट्समन. आयटीआय करून एका खाजगी इंजिनिअरच्या ऑफिसात लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. गटारांचे उतार, कॉलन्यांचे लेआउट, अंबडच्या कारखान्यांच्या शेड असलं काही ना काही काढत आलो. मोजणं हा माझा धंदा आणि माझा स्वभावही. कुणी "इथून जवळच आहे" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. जवळ म्हणजे किती? मीटर सांगा, नाहीतर मिनिटं सांगा. बायको म्हणते, हे पोळी खातानासुद्धा आधी तिचा व्यास बघतात. घरात कुठून कुठे जायला किती वेळ लागतो असा प्रश्न निघाला की शेवटचा शब्द माझा असायचा आणि तो कुणी तपासून बघत नसे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

करोनाच्या थोडं आधी शहरात मेट्रोचं बोलणं सुरू झालं. आमची मेट्रो जगावेगळी असणार होती. रुळांवरची नाही, टायरवरची. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर पूल, त्या पुलावरून रबरी टायरचे लांब डबे आणि त्यांच्या डोक्यावर विजेच्या तारा. पानटपरीवर लोक म्हणायचे, "म्हणजे पुलावरची बसच की राव." मला राग यायचा. मी त्यांना ऐकवायचो की बसला लिफ्ट असते का, बसचा दरवाजा फलाटाला बरोबर लागतो का, बस दर पाच-दहा मिनिटांनी नेमाने येते का. एक लाईन गंगापूरहून निघून जेहान सर्कल, सीबीएस, द्वारका, गांधीनगर, दत्तमंदिर करत नाशिकरोडच्या रेल्वे स्टेशनाशी पोचणार होती, दुसरी मुंबई नाक्याकडे वळणार होती, आणि जिथे पूल जाणार नव्हता तिथे स्टेशनापासून पुढे नेणारी जोडबस सोडायचं ठरत होतं. आमचं शहर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की रस्ते रुंद करतं आणि मधली अकरा वर्षं त्यांच्यावर गाड्या लावून ठेवतं. अशा शहराला कुणीतरी आधी विचार करून काही देतंय, असं मला मनापासून वाटलं होतं.

मेट्रोचा आराखडा मोठ्या लोकांनी केला. त्यातलं घरोघरी फिरून माहिती गोळा करायचं थोडं काम आमच्या साहेबांनी घेतलं होतं, आणि गंगापूर रोडचा भाग माझ्याकडे आला. काम सोपं होतं. यादीतल्या घरी जायचं आणि घरातल्या प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारायचा: काल कुठे कुठे गेला होतात? कुठून निघालात, कुठे पोचलात, कशासाठी, कशाने, किती वेळ लागला. एवढे रकाने भरायचे. काल म्हणजे कालच, परवाचं चालत नसे. अशा हजारो फेऱ्या एकत्र केल्या की शहर कुठून कुठे जातं ते कळतं, आणि मग मेट्रो कुठून न्यायची ते ठरतं.

एके दिवशी यादीतल्या एका घराला कुलूप होतं. नियमाने शेजारचं घर घ्यायचं होतं. मी दमलो होतो, ऊन होतं, आणि जेहान सर्कलजवळची आमची इमारत त्याच गल्लीच्या टोकाला होती. मी वर गेलो, पाणी प्यायलो आणि आमच्याच घराचा फॉर्म काढून बसलो.

इथे आईबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच असे. तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती आणि गुडघ्यांनी तिला बेजार केलं होतं. स्कूटरवर बसणं केव्हाच बंद झालं होतं, बसच्या उंच पायऱ्यांची तिला धास्ती वाटायची. तिला सख्खी अशी एकच बहीण, माझी मावशी. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे राहायची. मावसभाऊ तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होता.

दोघी बहिणी मखमलाबादकडच्या एका फुलांच्या मळ्यात वाढलेल्या. लग्नानंतर दोघींचा एक नेम होता. दर उन्हाळ्यात कुरडया दोघींनी मिळून करायच्या. गव्हाचा चीक शिजवायला दोन माणसं लागतातच, एक ओतते आणि एक हाटते, नाहीतर गुठळ्या होतात. पण यांच्या नेमामागे आणखी एक गोष्ट होती. माझ्या आजीकडे पितळेचा जाड साचा होता. आजीने जाताना साचा मावशीला दिला आणि त्यात बसणारी कुरडईची चकती आईला दिली. भांडू नका म्हणून दिली की भेटत राहा म्हणून दिली, ते तिचं तिला माहीत. साच्यावाचून चकती आणि चकतीवाचून साचा, दोन्ही अडगळ. त्यामुळे चैत्र लागला की मावशी पिशवीत साचा घालून दोन बस बदलत आमच्याकडे यायची, चार दिवस राहायची, आणि गच्चीवर दोघींचं बोलणं सकाळपासून ऊन उतरेपर्यंत चालायचं. मग मावशीचेही गुडघे गेले आणि तिचं येणं थांबलं. साचा तिकडे राहिला, चकती इकडे.

तर मी फॉर्म काढला. आईने ओले हात पुसले, चष्मा लावला आणि खुर्चीवर नीट बसली. सरकारी काम होतं ना.

"काल कुठे कुठे गेला होतात?" मी वाचलं.

"कोण, मी? गच्चीवर."

"गच्ची धरत नाहीत. फाटकाच्या बाहेर."

"मग नाय."

"भाजी, दूध, देऊळ?"

"दूध दारात येतं, भाजी सूनबाई आणते. देवळात सोमवारी जाते, काल बुधवार होता."

मी रकान्यात शून्य लिहिलं. ती वाकून बघत होती. मग तिने विचारलं, "जायचं होतं पण गेले नाय, त्याला रकाना नाय का?"

"कुठे जायचं होतं?"

"आता कुठं म्हणजे काय रे. एकलहऱ्याला."

तसा रकाना नव्हता. मी तिला तसं सांगितलं आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फॉर्म पक्के करताना आमच्या घराचा फॉर्म पुढे आला. ते शून्य मला बघवेना. मी रबर घेतलं, ते खोडलं आणि आईच्या नावावर एक फेरी लिहिली. कुठून: जेहान सर्कल. कुठे: एकलहरे. कशासाठी: नातेवाइकांची भेट. कशाने: बस, दोनदा बदलून. किती वेळ लागला: सव्वादोन तास.

सव्वादोन तास मी कुठेही मोजले नव्हते. फेरी जेवढी त्रासाची, तेवढी मेट्रोची गरज मोठी दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. न मोजता लिहिलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला आकडा. हजारो फॉर्ममधल्या एका खोट्या ओळीने कुणाचं काही बिघडत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. आराखड्याचं खरंच काही बिघडलं नाही.

नकाशा मी त्याच आठवड्यात काढला, रविवारी, घरी बसून. ऑफिसातल्या कागदावरून लाईन उतरवली, रंग दिला, गोल काढले आणि आईसाठी शेवटी ती तुटक रेघ ओढली. "हे बघ," मी तिला म्हणालो, "आत्ता तुला एकलहऱ्याला जायला सव्वादोन तास लागतात. मेट्रो झाली की तासाभरात पोचशील. प्रत्येक स्टेशनाला लिफ्ट. एक पायरी चढायची नाही. नाशिकरोडला उतरलं की खाली जोडबस." आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि त्या दोन जिन्यांवरून तिला उतरावंच लागणार होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं असेल.

आईला लिहिता-वाचता बेताचं यायचं, पण भाजी निवडता निवडता तिने सगळी स्टेशनं ओळीने पाठ केली. मावशीशी रोज दुपारी फोन व्हायचा. त्या फोनवर आता मेट्रो आली.

"मी जेहान सर्कलला बसणार," आई सांगायची. "सीबीएसला लय लोक उतरतील, तेव्हा खिडकी मिळंल. मग द्वारका, मग गांधीनगर. दत्तमंदिर गेलं की मी उठून उभीच राहणार, उगी घाई नको."

फोन मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे मावशीचं बोलणंही आम्हाला ऐकू यायचं. "तू फकस्त खाली उतर आक्का," ती म्हणायची. "मी आणायला येते. पोरगा सोडंल मला टेसनापतूर."

"चकती घेऊन येते."

"घेऊन ये. साचा चिंच लावून घासून ठेवलाय."

मला हे ऐकून फार बरं वाटायचं. लेक म्हणून आपण आईसाठी काहीतरी करतोय, असं वाटायचं. काय करत होतो मी? भिंतीवर कागद चिकटवला होता.

पहिल्याच उन्हाळ्यात तिने विचारलं होतं, "यंदा रिक्षानं जायचं का रे? कुरडयांचे दिवस आलेत." मी म्हणालो, "द्वारकेला काय गर्दी असते माहितीये का तुला? सव्वादोन तास रिक्षात बसून तुझे गुडघे राहतील का जागेवर? थांब की जरा. एक-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." ती थांबली. माझा आकडा होता ना, तो कोण तपासणार. तीनचार वेळा सांगितल्यावर तर मलाही तो खरा वाटायला लागला. जेहान सर्कल ते एकलहरे म्हटलं की सव्वादोन तास, असं माझ्याच तोंडातून आपोआप निघायचं.

मग करोना आला आणि सगळेच घरात बसले. त्याच काळात मेट्रोसाठी केंद्राच्या अंदाजपत्रकात तरतूद झाल्याची बातमी आली. मी मास्क लावून पेढे आणले. आईने एक पेढा देवापुढे ठेवला आणि फोन करून मावशीला सांगितलं की आता पक्कं झालं. त्यानंतर कामाचं भिजत घोंगडं पडलं. फाईल दिल्लीत आहे, असं वर्षभर ऐकलं. मग कुणी म्हणालं, टायरची नको, रुळांचीच करू. कुणी म्हणालं, नाशिकला तेवढे प्रवासी नाहीत. कुणी म्हणालं, खाली गाड्यांचा पूल आणि वर मेट्रो असं दुमजली करू. प्रत्येक बातमी मी कापून ठेवायचो आणि आईला त्यातलं चांगलं तेवढं वाचून दाखवायचो. तिच्याशी खोटं बोलतोय, असं मला वाटत नव्हतं. मी स्वतःच त्या रेघेला धरून बसलो होतो.

मधल्या काळात मावशीचे कान गेले. आधी कमी ऐकू यायला लागलं, मग बरंच कमी. मशीन आणलं तर ते शिट्टी वाजवायचं, म्हणून तिने काढून डब्यात ठेवलं. आई फोनवर ओरडून बोलायची, खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून वर यायचे, आणि मावशी पलीकडून "बरं बरं" एवढंच म्हणायची. मावसभावाने व्हिडिओ कॉल लावून दिला तर मावशी आईकडे न बघता कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चित्राकडे बघत बसली आणि पदर सारखा करत राहिली. आम्ही हसलो. आई हसली नाही.

"तिला समोर बसलं की कळतं," आई मला म्हणाली. "माझं तोंड दिसलं ना, की तिला सगळं कळतं. लहानपणापासून तसंच हाय."

मला समजलं होतं ते. एवढं सरळ वाक्य न समजायला मी मूर्ख नव्हतो. हळूहळू रोजचा फोन आठवड्यावर गेला आणि मग बंद पडला. नकाशासमोर उभं राहून स्टेशनं म्हणणंही बंद झालं.

करोना सरल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. ती गाडी त्र्यंबकला गेली, सापुताऱ्याला गेली, बायकोच्या भावाच्या घरच्या लग्नाला मनमाडला गेली. देवळाली कॅम्पला तर आम्ही नुसते फिरायला गेलो होतो, आई मागच्या सीटवर होती. परतताना तिने विचारलं, "इथून एकलहरे कुणीकडं?" मी म्हणालो, "लांब आहे, आता उशीर होईल." तिथून एकलहरे लांब नाही. नाशिककर असाल तर तुम्हाला माहीत आहे.

बायकोने कितीदा सांगितलं. "अहो, एका रविवारी आईंना नेऊन आणा की. मेट्रोवाले काही रागावणार नाहीत." मी दर वेळी वेळ मारून नेली. का नेली, यावर मी पुष्कळ विचार केलाय. थोडा कंटाळा होता, हे खरं. रविवार आपला असावा, हेही खरं. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं आणि त्याची मला लाज वाटते. गाडी काढून एकलहऱ्याला गेलो असतो तर मेट्रो येत नाहीये, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी टपरीवर भांडलो होतो, भिंतीवर रेघ ओढली होती, पेढे वाटले होते. माझं खरं व्हावं म्हणून मी माझ्या आईला ताटकळत ठेवलं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी मावसभावाचा फोन आला. "दादा, बदली झाली माझी. चंद्रपूरला. रविवारी सकाळी ट्रक लावलाय. आईला घेऊनच जातोय, इथं कोण बघणार तिला. मावशीला सांग."

मी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिने हातातली पाकळी सोलून पुरी केली आणि मग विचारलं, "चंद्रपूर किती लांब?"

मी किलोमीटर सांगितले नाहीत. "रात्रभराचा प्रवास आहे," एवढंच म्हणालो.

"मग शनिवारी जायचं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

शनिवारी सकाळी ती साडेसातपासून तयार होऊन बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती आणि पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारून बांधलं होतं. दोन जिने उतरायला तिला बराच वेळ लागला, एका हाताने कठडा आणि एका हाताने मी. गाडीत ती पुढे बसली. जेहान सर्कल ओलांडताना मी सवयीने घड्याळ पाहिलं.

"इथं बसायचं होतं ना?" तिने बाहेर बघत विचारलं.

"हो."

ती प्रत्येक ठिकाणी बघत होती. सीबीएस आलं, ती म्हणाली, "सीबीएस." पुढे सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणलेला होता, पत्रे लावले होते, त्या पत्र्यांकडे तिने आशेने पाहिलं आणि मला म्हणाली, "हे तेच का?" मी म्हणालो, "नाही, ही पाइपलाइन आहे." द्वारकेला आम्ही चांगले तीन सिग्नल अडकलो. गांधीनगर गेलं, दत्तमंदिर गेलं. दत्तमंदिरानंतर तिने पाय जवळ घेतले, पदर सावरला आणि समोरची मूठ धरून सरळ बसली. उठून उभं राहायचं ठरलं होतं ना तिचं. सगळ्या रस्त्याने एकही खांब नव्हता.

नाशिकरोड मागे टाकून आम्ही एकलहऱ्याच्या रस्त्याला लागलो, तुटक रेघेच्या रस्त्याला. क्वार्टरच्या दाराशी गाडी थांबवली आणि मी पुन्हा घड्याळ पाहिलं. एक तास पाच मिनिटं झाली होती. 

घरातलं सामान बांधून झालं होतं. खोकी, गाद्यांच्या वळकट्या, दोरीने बांधलेलं कपाट. मावशी एका वळकटीवर दाराकडे पाठ करून बसली होती. गाडीचा आवाज तिला ऐकू आला नव्हता. आई भिंत धरत धरत तिच्यासमोर गेली आणि उभी राहिली. मावशीने वर पाहिलं.  मग मावशीने आईचे दोन्ही हात धरून तिला शेजारी बसवलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"आली का गं मेट्रो?"

 मावसभाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे बघत होतो. गेली दोन-तीन वर्षं तिला फोनवर काहीच कळलं नव्हतं. तिच्या हिशोबाने आक्का येणार होती ती मेट्रोनेच. आता आक्का आली होती, म्हणजे मेट्रो आली होती.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मावशीकडे तोंड करून, ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाली, "आली."

"लिफ्ट हाय का?"

"हाय."

"खिडकी मिळाली?"

"सीबीएसला मिळाली."

मावशी समाधानाने मान हलवत राहिली. "म्हणलंच होतं मी," ती सुनेला म्हणाली, "दादा लय हुशार हाय आपला."

मी बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलो.

परत आत आलो तेव्हा दोघींचं बोलणं रंगलं होतं. मावशीला खरंच सगळं कळत होतं. आई आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि मावशी त्यावर खळखळून हसायची. मळ्यातली कुठलीशी गोष्ट होती, एका शेजारणीची शेळी शेवंतीत शिरल्याची. दुपार कधी झाली कळलं नाही. शेवटी आईने पदराची गाठ सोडली आणि चकती काढून मावशीच्या हातात ठेवली.

मावशीने ती उलटसुलट करून पाहिली. "साचा खोक्यात गेला. काढायला लावते, तू घेऊन जा. पुरा तुझ्याकडं राहू दे."

"नको. तुझ्याकडं सून हाय, हाटायला दुसरं माणूस हाय. तिकडं कर तू."

"आन तू?"

"मी विकतच्या खाते."

मावशीने चकती मुठीत धरली आणि आम्ही निघेपर्यंत ती मूठ उघडली नाही.

येताना आईने स्टेशनांची नावं घेतली नाहीत. मी गाणी लावली आणि बंद केली. घरी आलो, जिने चढलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम घ्यायला थांबली. तिथेच, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "सकाळी किती वेळ लागला रे जायला? तू घड्याळ बघत होतास."

"एक तास पाच मिनिटं."

"तू सव्वादोन म्हणायचास."

 फॉर्म, रबर, न मोजलेला आकडा, हे सगळं त्या जिन्यावर सांगायचं होतं. सांगायला हवं होतं. सात उन्हाळे मी तिला थांबवून ठेवलं, याची माफी मागायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "आज रस्ता मोकळा होता, आई."

द्वारकेच्या तीन सिग्नलांना ती माझ्या शेजारीच बसली होती.

"असंल," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकाला पडलेली चुणी हाताने सारखी करत उरलेल्या पायऱ्या चढायला लागली.